बंदुकीसारखी घडविलेली

यंत्रावर माणसाचा जीव जडावा, यात आता कोणाला नवल वाटत नाही. दसऱ्याच्या दिवशी शिवणयंत्राला झेंडूची माळ घातली जाते, मालमोटारीच्या कपाळावर लिंबू-मिरची लटकते, आणि तीस वर्षे चाललेले घड्याळ बंद पडले तर घरातील वडीलधारे माणूस दिवसभर अस्वस्थ असते. परंतु एखादा कारखाना एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेला, म्हणून त्या कारखान्याचा एक शेअरही ज्यांच्या पेटीत नाही अशा माणसांनी वर्षानुवर्षे हळहळत राहावे, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. ही हळहळ हौशी माणसांची असते, आणि हौशी माणसांच्या दुःखाला जग फारसे गंभीरपणे घेत नाही. म्हणूनच ते जरा जवळून पाहिले पाहिजे.

इंदूरचा पलासिया हा भाग एकेकाळी गावच होता. शहराने तो पोटात घेतला. आता ओल्ड पलासिया आणि न्यू पलासिया अशी त्याची दोन नावे झाली आहेत. जुना आग्रा-मुंबई रस्ता येथील चौराह्यावरून जातो आणि छप्पन दुकानांची प्रसिद्ध रांग येथून हाकेच्या अंतरावर आहे. रविवारी सकाळी पोहे-जिलबीच्या निमित्ताने जी मंडळी फटफट्यांवरून या बाजूस येतात, त्यांत एक पंथ बुलेटवाल्यांचा असतो. या पंथात ज्येष्ठता वयावर ठरत नाही. गाडीचे इंजिन बिडाचे आहे काय, हा पहिला प्रश्न. गिअर उजव्या पायाला आहे काय, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांना ज्याचे उत्तर होकारार्थी, त्याला आपोआप मधली जागा मिळते. बाकीच्यांच्या चकचकीत नव्या गाड्यांकडे तो सौजन्याने पाहतो, आणि पहिला घास संपण्यापूर्वीच म्हणतो, "गाडी चांगली आहे हो, पण ती बुलेट नव्हे."

त्याच्या या एका वाक्यात जी तक्रार आहे, ती समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते. आणि मागे गेले की आधी बंदूकच भेटते.

एन्फील्ड हे लंडनजवळचे गाव. १८१६ च्या सुमारास ब्रिटिश सरकारचा बंदुकांचा कारखाना तेथे निघाला. त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी १८५३ च्या नमुन्याची रायफल हिंदुस्थानात आली आणि तिच्या चरबीच्या काडतुसांनी १८५७ साली काय घडविले, हे येथे सांगावयास नकोच. इंदूरच्या रेसिडेन्सीवर त्या वर्षी १ जुलैला हल्ला झाला, आणि त्याच रात्री महूच्या छावणीतील पलटणीही उठल्या. रेसिडेन्सीचा तो परिसर पलासियाला लागूनच आहे. ज्या नावाने येथे एकदा आग पेटविली, त्याच नावाच्या एका वाहनासाठी येथील माणसे आज हळवी होतात. इतिहासाला असली थट्टा आवडत असावी.

इंग्लंडातील रेडिच हे मुळात सुया करणाऱ्यांचे गाव. तेथील एका सायकलच्या कारखान्याला १८९० नंतरच्या काळात एन्फील्डच्या सरकारी कारखान्यासाठी बंदुकीचे सुटे भाग करून देण्याचे काम मिळाले. त्या कामाचा अभिमान इतका मोठा, की कारखान्याने आपल्या सायकलींना एन्फील्ड हे नाव दिले, १८९३ मध्ये त्यापुढे 'रॉयल' हा शब्द जोडला, आणि बोधचिन्हावर तोफ बसवून 'बंदुकीसारखी घडविलेली' असे ब्रीद धारण केले. १९०१ मध्ये याच कारखान्याची पहिली मोटारसायकल निघाली. १९३२ मध्ये एका नमुन्याला 'बुलेट' म्हणजे 'गोळी' हे नाव पडले. बंदुकीशी जुळलेले नाते असे नावापर्यंत येऊन पोचले.

भारतात जी बुलेट रुजली ती महायुद्धानंतरची, १९४९ च्या घडणीची. तिची नळी, म्हणजे सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यासाचा आणि त्यातील दट्ट्याची धाव ९० मिलिमीटरची. सीमेवरील गस्तीसाठी भारतीय सैन्याला टणक वाहन हवे होते. त्याने ही गाडी निवडली आणि शेकड्यांनी मागविली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचचा कारखाना यांनी मिळून 'एन्फील्ड इंडिया' ही कंपनी स्थापिली. मद्रासच्या उत्तरेस तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. आधी विलायतेहून आलेले भाग जोडले जात. पुढे साचे व यंत्रे आली आणि सगळी गाडीच येथे होऊ लागली. याच सुमारास विलायतेतील मूळ कारखाना खंगत होता. रेडिचचे दार १९६७ मध्ये बंद झाले आणि १९७० मध्ये इंग्लंडातील रॉयल एन्फील्डचा व्यवसाय संपुष्टात आला. मद्रासमध्ये मात्र जवळजवळ तीच गाडी निघत राहिली. १९७७ मध्ये ती इंग्लंडला विकावयास जाऊ लागली! आईच्या घरी विझलेली चूल लेकीने आपल्या घरी तेवत ठेवली, आणि पुढे माहेरच्यांनी निखारा मागावयास यावे, तसाच हा प्रकार झाला.

ही गोष्ट पलासियाच्या पंथाला फार प्रिय आहे. ती सांगताना ते एक बारीकशी बाब मात्र वगळतात. जिला ते अस्सल म्हणतात ती बुलेटसुद्धा मालक बदलल्यावरचीच आहे. रेडिचच्या एखाद्या जुन्या कारागिराला १९६० मध्ये विचारले असते, तर मद्रासेत होणाऱ्या गाडीविषयी त्यानेही कदाचित हेच वाक्य उच्चारले असते.

असो. त्या जुन्या गाडीत असे काय होते?

तिला चालू करणे हे मुळात एक अनुष्ठान होते. किकवर नुसता पाय मारून ती ऐकत नसे. प्रथम हँडलजवळची छोटी दांडी ओढून सिलिंडरातील दाब सोडावयाचा. मग किक हलक्या पायाने खाली नेत दिव्याच्या टोपणावरील अँमीटरचा काटा पाहावयाचा. तो काटा डावीकडून हळूच मध्यावर आला की दट्ट्या योग्य जागी आला असे समजावयाचे. मग दांडी सोडून, पाय वर घेऊन, एकच सबंध किक. हे साधले तर गाडी पहिल्या प्रयत्नात बोले. न साधले तर ती उलट लाथ मारी. पोटरीवर त्याची खूण बाळगणारे लोक अजून पुष्कळ आहेत आणि ते ती खूण मोठ्या अभिमानाने दाखवितात. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. पुढे जपानी धर्तीच्या गाड्या घरोघर आल्या तेव्हा बुलेटवाल्याची फजिती होई. सवयीने उजवा पाय गिअर बदलू जाई आणि ब्रेक लागून गाडी भर चौकात थबके. या गाडीवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर परका ठरे. आणि दुसरा माणूस हिच्यावर.

दुरुस्तीचेही तसेच. टॅपेट बसविण्यासाठी दोन पाने पुरत. बाजूचे झाकण उघडावयाचे, इंजिन थंड असताना दोन बोटांत दांडी धरावयाची. ती सहज फिरावी, पण वर-खाली हलू नये, एवढेच माप. ते माप कोठल्याही तक्त्यात पाहावे लागत नसे, ते बोटांतच असे. ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासले की गाडी पुढच्या गावापर्यंत नेई. तेल गळे, नटबोल्ट ढिले होत, हादऱ्याने दिव्याचे बल्ब जात. हे सगळे खरे. परंतु जे बिघडे ते दिसे, आणि जे दिसे ते रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त होई. गावोगावच्या बुलेट मिस्त्रीने ही विद्या कोणत्याही शाळेत घेतली नव्हती. तो उस्तादाजवळ बसून शिकला, आणि पुढे त्याच्याजवळ बसून दुसरा पोरगा शिकला. कारखाना मद्रासला होता. पण गाडीचे अर्धे ज्ञान अशा लोकांच्या हातांत, देशभर विखुरलेले होते. महूच्या छावणीतून निवृत्त झालेला सुभेदार, तालुक्याचा फौजदार, दूधवाला, शेतकरी, हे सारे त्या ज्ञानाचे भागीदार. पलासियाच्या मंडळींना जे गेल्यासारखे वाटते, ते हेच. ते स्वतः मात्र त्याला 'धुकधुक' म्हणतात.

त्या प्रसिद्ध ध्वनीचे रहस्यही गूढ नाही. एकच मोठा सिलिंडर, दट्ट्याची लांब धाव आणि जड गतिचक्र. इंजिनाचे चक्र दोनदा फिरते तेव्हा एक स्फोट होतो. चक्र जड असल्यामुळे गाडी अगदी संथ गतीतही विझत नाही, आणि दोन स्फोटांमधील शांतता कानाला वेगळी मोजता येते. ऐकणाऱ्याला हृदयाचे ठोके आठवतात ते त्या शांततेमुळे. हा ध्वनी कोणी योजून निर्माण केला नव्हता. तो त्या घडणीतून आपोआप आलेला होता.

आता नव्या मालकाकडे वळावयास हरकत नाही. १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याच्या हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली भारतात आल्या आणि एन्फील्ड इंडियाचे दिवस फिरले. कंपनीने छोट्या गाड्या काढून पाहिल्या, १९९० नंतर डिझेलवर चालणारी बुलेटही काढली. तिने शेतकऱ्यांचे पैसे वाचविले, पण कंपनीला वाचविले नाही. १९९४ मध्ये आयशर उद्योगसमूहाने हा व्यवसाय हाती घेतला. इंदूरच्या माणसाला हे नाव परके नव्हते. पलासियाहून आग्रा-मुंबई रस्त्याने दक्षिणेस निघाले की राऊ मागे टाकून तासाभराच्या वाटेवर पीथमपूर लागते. तेथे १९८६ पासून आयशरच्या मालमोटारी निघत आल्या आहेत, आणि इंदूरच्या कित्येक घरांतील माणसे त्या कारखान्याच्या बसने रोज कामावर गेली आहेत. त्यामुळे येथील बुलेटवाल्याची अवस्था मोठी अवघड झाली. मद्रासच्या कंपनीला गिळणारा धनी त्याच्या शेजारचाच निघाला! मेव्हण्याच्या पगाराचा धनी आणि आपल्या दैवताचा धनी एकच असला, म्हणजे तक्रार कोणाजवळ करावयाची?

पहिली काही वर्षे फारसे काही बदलले नाही, आणि तोट्यातही बदल झाला नाही. २००० साली समूहाच्या धुरिणांपुढे ही कंपनी विकावी किंवा बंद करावी, असा विचार होता. त्या वेळी विक्रम लाल यांचे चिरंजीव सिद्धार्थ लाल यांनी वयाच्या सव्विसाव्या वर्षी तिची सूत्रे हाती घेतली आणि ती सावरण्यासाठी दोन वर्षांची मुदत मागून घेतली. तेव्हा विक्री महिन्याला सुमारे २,००० गाड्यांची होती. हा आकडा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका आकडा आहे. देशभर त्या गाडीवर जीव टाकणारे लोक होते, तिच्यावर चित्रपटांतून प्रसंग रंगविले जात होते, तिचा आवाज ओळखणारी मुले गल्लोगल्ली होती. आणि एवढ्या प्रेमाच्या बदल्यात कंपनीच्या गल्ल्यात महिन्याकाठी दोन हजार गाड्यांचे पैसे पडत होते. याचे कारण प्रेम खोटे होते असे नाही. प्रेम करणाऱ्यांजवळ गाडी आधीच होती, वडिलांची किंवा काकांची. आणि ती मरत नव्हती. जी वस्तू मिस्त्रीच्या दोन पान्यांनी चाळीस वर्षे चालते, ती वस्तू करणाऱ्याला दुसरी विकण्याची संधी मिळत नाही. नव्या ग्राहकाला मात्र तेल गळणारी, किक मारताना पोटरी फोडणारी गाडी नको होती.

मग बदल सुरू झाले. ऑस्ट्रियातील एका संस्थेच्या मदतीने ॲल्युमिनियमचे नवे इंजिन आले. २००२ मध्ये निघालेली थंडरबर्ड त्यावर चालली. विजेच्या कळीने गाडी सुरू होऊ लागली. पाच गिअर आले. गिअर डाव्या पायाला गेला आणि ब्रेक उजव्या पायाला, म्हणजे सगळे जग जसे चालविते तसे. २००९ मध्ये 'क्लासिक' या नावाची गाडी भारतात आली. दिसावयास ती १९५० सालची, परंतु आतून नवी. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात बसविलेले, टॅपेट आपोआप जुळणारे, ठिणगी इलेक्ट्रॉनिक. लगोलग, २०१० च्या एप्रिलमध्ये धुराविषयीचे भारत स्टेज तीनचे नियम दुचाकींना लागू झाले आणि बिडाच्या इंजिनाचे युग संपले. केवळ मालकाच्या लहरीने ते गेले असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे. पुढे २०२० मध्ये सहाव्या टप्प्याचे नियम आले, कार्ब्युरेटर गेला, आणि पाठोपाठ आणखी एक नवे इंजिन आले. त्यात हादरे शमविण्यासाठी समतोल राखणारा स्वतंत्र दंड बसविलेला आहे आणि किक मुळीच नाही. २०२३ च्या सप्टेंबरात खुद्द बुलेट याच इंजिनावर बाजारात आली.

विक्रीचे आकडे मात्र हौशी मंडळींच्या हळहळीकडे पाठ फिरवून धावले. २०१० मध्ये वर्षाला पन्नास हजारांच्या घरात असलेली विक्री २०१४ मध्ये तीन लाखांवर गेली, आणि २०१७-१८ च्या आर्थिक वर्षात आठ लाखांचा आकडा तिने ओलांडला. एकेकाळी दार बंद करण्याची भाषा जिच्याविषयी झाली, ती कंपनी आता समूहाची अन्नदात्री आहे.

एवढ्यावर निकाल हौशी मंडळींच्या विरुद्ध देऊन मोकळे होता येईल. पण तो घाईचा निकाल ठरेल. त्यासाठी पुन्हा बंदुकीकडे, आणि या वेळी अमेरिकेकडे जावे लागते.

न्यू हेवन शहरात जॉन मार्लिन याने १८७० मध्ये बंदुकांचा कारखाना काढला. घोड्याखालची तरफ पुढे-मागे केली की नवे काडतूस नळीत जाते, अशा पद्धतीच्या त्याच्या रायफली अमेरिकेतील शेतकरी आणि शिकारी पिढ्यान्पिढ्या वापरीत आले. २००७ च्या अखेरीस हा कारखाना रेमिंग्टन या बड्या कंपनीला विकण्याचे ठरले. काही वर्षांतच नव्या मालकाने कनेक्टिकटमधील जुना कारखाना मोडला, यंत्रे उचलली आणि न्यूयॉर्क राज्यातील आपल्या कारखान्यात नेऊन मांडली. तेथे जे घडले ते शिकण्यासारखे आहे. यंत्रे झिजलेली होती, आणि नकाशांत लिहिलेली मापे व प्रत्यक्षात होणारी मापे यांत अंतर होते. ते अंतर जुने कामगार हाताने भरून काढीत असत. यंत्रे आली, पण हात मागे राहिले. नव्या रायफलींच्या लाकडात फटी दिसू लागल्या, नेमाच्या माश्या तिरप्या बसू लागल्या. तेव्हापासून जुनी मार्लिन घेणारा गिऱ्हाईक प्रथम नळीवर जॉन मार्लिनची 'जे' आणि 'एम' ही आद्याक्षरे आहेत की नाहीत ते पाहतो. ती असली तर ती जुन्या कारखान्याची. अखेर रेमिंग्टनचेच दिवाळे निघाले आणि २०२० मध्ये रुगर या दुसऱ्या बंदूक-कंपनीने मार्लिन विकत घेतली. तिने घाई केली नाही. पहिल्या रायफली २०२१ च्या शेवटी बाहेर काढल्या, तेव्हा कोठे लोकांच्या कपाळावरील आठ्या कमी झाल्या.

याआधीची विंचेस्टरची गोष्टही तिकडे अजून विसरलेली नाही. १९६४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी त्या कंपनीने आपल्या गाजलेल्या रायफलीची घडण बदलली. तेव्हा मालकही बदललेला नव्हता. आज साठ वर्षांनंतरही 'चौसष्टपूर्वीची' हा शब्दप्रयोग तिकडे किंमत ठरवितो. तेथील हौशी माणसे वेडी होती काय? नव्हती. काडतूस पकडणारी पोलादी नखी बदललेली त्यांना दिसली होती. हौशी माणूस बोलू लागतो तेव्हा तो बहुधा चुकीचे कारण सांगतो. पण काहीतरी गेले आहे हे त्याला इतरांच्या आधी कळलेले असते.

मार्लिनशी ताडून पाहिले तर आयशरने एक मोठी चूक टाळली, असे म्हटले पाहिजे. तिरुवोट्टियूरचा जुना कारखाना मोडून सगळे पीथमपूरला आणून ओतण्याचा मोह एखाद्या हिशेबी मालकाला झाला असता. तसे झाले नाही. नवे कारखाने मद्रासच्याच आसमंतात निघाले आणि जुने हात जवळ राहिले. बुलेटच्या टाकीवरील सोनेरी रेघ हाताने, कुंचल्याने ओढणारे कारागीर तेथे टिकले. २००९ च्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७० आणि धाव ९० मिलिमीटर हीच जुनी मापे ठेवली गेली, तीही उगाच नव्हे. नव्या मालकाला आपण कशाचे मालक झालो आहोत याची जाण होती. म्हणूनच गाडी जगली.

परंतु कारखान्यातील हात राखले गेले, तरी रस्त्यावरचे हात राखले गेले नाहीत. पलासियाच्या मंडळींच्या तक्रारीतील खरा अंश येथे आहे. आपोआप जुळणाऱ्या टॅपेटला बोटांचे माप नको. पेट्रोलचा फवारा संगणक ठरवितो. त्याचा दोष शोधावयास कंपनीच्या सेवाकेंद्रातील उपकरण लागते. जुन्या मिस्त्रीच्या दुकानात नवी गाडी आलीच, तर तेल बदलण्यापुरती येते. तरुण मालक त्याला आदराने विचारतो, "काका, हिला किक का नाही दिली?" आणि काका हसून म्हणतात, "बेटा, तुझ्या पायाची आता गरजच नाही." हे उत्तर विनोदाचे वाटते; पण ज्याने ते दिले त्याच्या दुकानात दोन पोरे शिकत होती, ती आता दुसरीकडे कामाला गेलेली असतात. कंपनीच्या ताळेबंदात या जमाखर्चाला रकाना नाही. गाडी सुधारली, कारखाना तरला, कामगारांची पोटे भरली; आणि देशभर विखुरलेली एक विद्या निरुपयोगी ठरली. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून झाल्या, आणि पहिलीसाठी दुसरी टळली असती असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

काहीच बदलले नसते तर काय झाले असते, हे पाहावयास फार लांब जावे लागत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची जावा आणि पुढे येझदी या मोटारसायकलींवर याच पिढीने तितकेच प्रेम केले. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्याच्या चाहत्यांना मालक बदलल्याचे दुःख झाले नाही, कारण मालक बदललाच नाही. दारालाच कुलूप लागले. २०१८ मध्ये जावा हे नाव दुसऱ्या उद्योजकांनी पुन्हा बाजारात आणले; पण ती गाडी नव्याने जन्मलेली आहे. म्हैसूरच्या जुन्या कारागिरांचा तिला स्पर्श नाही.

यात एक प्रकार मात्र निव्वळ हास्यास्पद आहे, आणि पंथातील ज्येष्ठांनाही तो मान्य नाही. नव्या गाडीचा आवाज मवाळ वाटतो म्हणून तरुण मंडळी कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातला पोकळ सायलेन्सर बसवितात आणि रात्री अकराला सबंध वस्ती जागी करतात. काही तर त्यातून फटाक्यासारखे बार काढतात. शहरोशहरी पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोलरखाली चिरडतात, आणि ते योग्यच करतात. जुन्या बुलेटचा आवाज मोठा होता म्हणून लोकांना आवडत नव्हता. तो संथ होता म्हणून आवडत होता. घडणीतून आलेली गोष्ट वरून बसविता येत नाही, हे त्या पोकळ नळीला कळत नाही आणि तिच्या मालकालाही.

जुन्या गाड्यांचे मोल दरम्यान वाढले आहे. घराच्या मागे ताडपत्रीखाली पडलेली बिडाच्या इंजिनाची बुलेट पूर्वी भंगारवाला मागत असे. आता तिच्यासाठी परगावचे लोक येतात. तिचे सुटे भाग दिल्लीच्या करोल बागेतील दुकानांतून आणि छोट्या कारखान्यांतून अजून मिळतात. त्यांतील काही भाग मूळच्या तोडीचे असतात, काही नसतात. ते ओळखण्यासाठी पुन्हा तो जुना मिस्त्रीच लागतो, आणि या कामाचे त्याला आता पूर्वीपेक्षा बरे पैसे मिळतात. मात्र त्याचे गिऱ्हाईक बदलले. पूर्वी दूधवाला येई, गाडी त्याच दिवशी हवी म्हणून भांडे. आता डॉक्टर, वकील, संगणक-अभियंते येतात आणि गाडी सहा महिन्यांनी मिळाली तरी चालते म्हणतात.

आणि अलीकडे रविवारच्या त्या बैठकीत एक नवीनच सूर ऐकू येऊ लागला आहे. २००९ च्या घडणीची क्लासिक ज्यांनी मोठ्या हौसेने, कित्येक महिने वाट पाहून घेतली होती, त्यांचीही मुले आता कॉलेजात जाऊ लागली. त्या मुलांना २०२० नंतरच्या इंजिनाची नवी गाडी हवी असते. वडील ती एकदा चालवून आणतात, चौराह्यावर उभी करतात, किल्ली मुलाच्या हातात देतात आणि म्हणतात, "गाडी चांगली आहे, पण हिला ती धुकधुक नाही." शेजारी बिडाच्या इंजिनावर रेलून उभे असलेले गृहस्थ हे ऐकतात, आणि पोह्यांची बशी हातात घेऊन, काही न बोलता, दुसरीकडे पाहतात.